कीटो आहारातून दूधदुभते वगळताना : मराठी स्वयंपाकघरासाठी सविस्तर मार्गदर्शन

अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ साली अपस्माराच्या रुग्णांसाठी कीटोजेनिक, म्हणजे कर्बोदके फार कमी आणि स्निग्धांश भरपूर असलेला आहार सुचवला. अलीकडच्या काळात वजन आणि रक्तशर्करा कमी करण्यासाठी तो आपल्याकडे आला, तेव्हा शाकाहारी घरांत त्याचा सगळा भार पनीर, चीज, लोणी, साय आणि तूप यांच्यावर पडला. पोळी, भात, डाळ, बटाटा आणि साखर काढून टाकल्यावर ताटात उरते ते बहुतांशी दूधदुभतेच. त्यामुळे पोट बिघडते म्हणून, त्वचेच्या तक्रारींमुळे, डॉक्टरांच्या सल्ल्यावरून किंवा तत्त्व म्हणून दूध सोडायची वेळ आली, की अशा माणसाला आपला आहारच संपल्यासारखे वाटते.

प्रत्यक्षात अडचण आहे ती वेगळ्याच ठिकाणी. दूधदुभते सोडल्यावर स्निग्धांश कोठून आणायचा, हा प्रश्न बहुतेक जण आधी विचारतात. मात्र नारळ, शेंगदाणे, तीळ, कारळे आणि जवस यांच्यावर पोसलेल्या मराठी स्वयंपाकघरात त्याचे उत्तर आधीपासूनच आहे. काळजी करायची ती प्रथिनांची, कॅल्शियमची आणि शाकाहारी व्यक्तींच्या बाबतीत बी-१२ जीवनसत्त्वाची. पुढील सर्व पायऱ्या हा क्रम लक्षात ठेवून दिल्या आहेत.

या लेखात निव्वळ कर्बोदके असे म्हटले आहे, तेथे एकूण कर्बोदकांतून चोथा म्हणजे पचनात न येणारे तंतू वजा केलेला आकडा समजावा. कीटो आहारात दिवसाची मर्यादा साधारणपणे २० ते ५० ग्रॅम धरली जाते.

पहिली पायरी : दूध कशासाठी सोडायचे, ते ठरवणे

हे न ठरवता सुरुवात केली, तर माणूस गरज नसलेल्या वस्तू सोडतो आणि सोडायला हव्यात त्या खात राहतो. दुधाने होणारे त्रास मुख्यतः दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत फार होते.

पहिला प्रकार दुधातील साखर न पचण्याचा. लॅक्टोज नावाची ही साखर पचवणारे विकर (एन्झाइम) अनेकांच्या आतड्यात वयानुसार कमी होत जाते. मग दूध प्यायल्यावर पोट फुगणे, वायू धरणे, मुरडा येणे, जुलाब होणे असे त्रास सुरू होतात. अशा व्यक्तीला दूध आणि खवा सोसत नाही, परंतु तूप, लोणी आणि मुरवलेले कठीण चीज बहुधा सोसते, कारण त्यांत लॅक्टोज नगण्य उरते. बांधून पाणी काढलेल्या दह्याच्या चक्क्यातही ते साध्या दह्यापेक्षा कमी असते, कारण त्यातील बराचसा भाग निवळीबरोबर निघून जातो.

दुसरा प्रकार दुधातील प्रथिनांच्या अ‍ॅलर्जीचा. यात केसीन किंवा व्हे प्रथिनांविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा उठते, अंगावर गांधी येतात, ओठ सुजतात, घरघर लागते आणि क्वचित प्रसंगी जिवावर बेतते. येथे ‘थोडेसे चालते’ हा हिशेब लागू होत नाही. तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून अशा व्यक्तीने तुपाबाबतही डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा.

या दोहोंपलीकडे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे वजन उतरता उतरता थांबणे. यात दूधदुभत्याचा दोष असतो तो बहुतेक वेळा प्रमाणाचा. चीजचे तुकडे, मूठभर पनीर, कॉफीतली साय यांची मोजदाद कोणी करत नाही आणि कर्बोदके कमी असली तरी उष्मांक भरपूर जातात. केवळ या कारणासाठी दूध सोडायचे असेल, तर आधी दोन आठवडे सगळे वजन करून खाऊन पाहावे. पुष्कळांना त्यापुढे काही सोडावेच लागत नाही.

हा बदल स्वतःच्या मनाने कोणी करू नये

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर कीटो आहारात एकदम खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना कर्बोदके फार कमी केली, तर रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस हा गंभीर विकार होऊ शकतो. पहिल्या प्रकारचा मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, स्वादुपिंडाला आलेली सूज, गर्भारपण आणि स्तनपान यांतही हा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही पहिल्या काही आठवड्यांत बदलावी लागू शकते.

ज्यांना पूर्वी मूतखडा झाला आहे, त्यांनी येथे थोडे थांबावे. दूध सोडल्यावर माणूस सहजच बदाम, पालक आणि तिळाकडे वळतो. या तिन्हींत ऑक्झलेट, म्हणजे मूतखडा बनवणारा घटक, भरपूर असते. जेवणातले कॅल्शियम हे ऑक्झलेट आतड्यातच बांधून ठेवते आणि शौचावाटे बाहेर टाकते. म्हणजे दूधदुभते काढून बदाम-पालक वाढवले, की ऑक्झलेट वाढते आणि त्याला अडवणारे कॅल्शियम घटते. त्यात कीटो आहाराने मूतखड्याची शक्यता मुळातच थोडी वाढते. अशा व्यक्तीने बदामाऐवजी खोबरे, पालकाऐवजी मेथी व कोबी, आणि दिवसभर भरपूर पाणी अशी मांडणी करावी.

दुसरी पायरी : तीन दिवसांची नोंद

लगेच काही सोडू नये. आधी तीन दिवस जे दूधदुभते पोटात जाते ते वजनासह लिहावे आणि प्रत्येक वस्तूसमोर तिचे काम लिहावे. चहातले दूध सवयीचे काम करते, पनीर प्रथिनांचे, लोणी स्निग्धांशाचे, दही आंबटपणाचे, ताक मीठ आणि पाणी भरून काढण्याचे, तर चीज पुष्कळदा फक्त मध्येच तोंडात टाकायला काहीतरी हवे म्हणून असते. बदल शोधायचा तो वस्तूला नव्हे, कामाला. पनीरच्या जागी नारळाची मलई घातली, तर ताट तसेच दिसेल, पण अठरा-वीस ग्रॅम प्रथिने गुपचूप नाहीशी होतील.

कीटो आहार आजच सुरू करायचा आणि आजच दूधही सोडायचे, असे मात्र करू नये. कीटोच्या पहिल्या आठवड्यात डोके दुखणे, गळून गेल्यासारखे वाटणे, पायात गोळे येणे, शौचाची तक्रार हे सगळे येऊन जाते. त्यातले काय कीटोमुळे आणि काय दूध सोडल्यामुळे, हे कळण्याची सोयच राहत नाही. तीन-चार आठवडे कीटो स्थिर होऊ द्यावा आणि मग दूध काढावे. अ‍ॅलर्जी असेल, तर अर्थातच दूध पहिल्या दिवसापासून बंद.

तिसरी पायरी : चहा

चहाला स्वतंत्र पायरी द्यावी लागते, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. एका कपात साठ मिलिलिटर दूध धरले, तर सुमारे तीन ग्रॅम कर्बोदके होतात. दिवसाला चार कप म्हणजे बारा ग्रॅम. वीस ग्रॅमची मर्यादा पाळणाऱ्याचा अर्ध्याहून अधिक हिशेब चहातच संपतो, आणि तोही साखर न घालता. त्यामुळे चहातले दूध सुटले, की भाज्यांना मोकळीक मिळते. हा या बदलाचा सर्वांत तातडीचा फायदा आहे.

आले, गवती चहा आणि दोन वेलदोडे ठेचून केलेला कोरा चहा हा उत्तम पर्याय होय, मात्र पूड नेहमीपेक्षा कमी घालावी आणि चहा उकळत न ठेवता झाकून मुरू द्यावा, म्हणजे तो तुरट होत नाही. दुधाळपणा हवाच असेल, तर चहा गाळून कपात घ्यावा, मिनिटभर थांबावे आणि मग दोन चमचे घट्ट नारळाचे दूध घालावे. ते चहाबरोबर उकळले तर फुटते आणि वर तेल तरंगते. खरे सांगायचे तर नारळाच्या दुधाचा चहा हा दुधाच्या चहासारखा लागत नाही. कॉफीत ते कितीतरी बरे जमते. बदामाचे पेय उकळत्या कॉफीत फुटते, म्हणून ते आधी कोमट करून कपात घ्यावे आणि वरून कॉफी ओतावी.

ओट्सच्या पेयाचा सध्या बराच बोलबाला आहे. त्यातला पिठूळ भाग विकरांनी फोडलेला असल्याने त्यात साखर असतेच, वेष्टनावर ‘साखर घातलेली नाही’ असे लिहिले असले तरीही. कीटोसाठी ते बाद.

चौथी पायरी : स्निग्धांशाची फेरमांडणी

येथे आपले पारंपरिक साठवणीचे पदार्थ कामाला येतात. कोकण आणि गोव्यात नारळ, सोलापुराकडे शेंगदाणे, मराठवाडा-विदर्भात जवस, तीळ आणि कारळे असे प्रत्येक भागाचे दूधविरहित स्निग्ध पदार्थ आधीपासून ठरलेले आहेत.

सुक्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला साठ ग्रॅमहून अधिक स्निग्धांश असतो. शेंगदाण्यात तो पन्नासच्या आसपास असून सोबत पंचवीस ग्रॅम प्रथिने मिळतात आणि निव्वळ कर्बोदके आठ ग्रॅमच्या आसपास राहतात. जवस तर कीटोसाठीच घडवल्यासारखे आहे. त्यात शंभर ग्रॅमला सुमारे चाळीस ग्रॅम स्निग्धांश असतो आणि कर्बोदकांचा जवळजवळ सगळा भाग चोथ्याचा असल्याने निव्वळ आकडा दोन ग्रॅमच्याही खाली येतो. जवस भाजून, लसूण, सुकी मिरची, जिरे आणि मीठ घालून केलेली चटणी रोज दोन चमचे खाल्ली, तर दूध सोडल्यावर पोट साफ न होण्याची तक्रारही बरीच आटोक्यात राहते. अख्खे जवस मात्र न पचता तसेच बाहेर पडते, म्हणून चटणी बारीक कुटलेली असावी.

विकतच्या चटण्यांमध्ये, विशेषतः शेंगदाण्याच्या आणि खोबऱ्याच्या चटणीत, साखर किंवा डाळं मिसळलेले असते. घरी कुटावी किंवा करणाऱ्या बाईंना तसे सांगून करून घ्यावी. काजू टाळावेत. दूध सोडलेल्यांच्या पाककृतींत काजूची मलई सर्रास सांगितली जाते, परंतु काजूत शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमहून जास्त निव्वळ कर्बोदके असतात आणि कीटोत ती परवडत नाहीत.

लोणी आणि साय बंद केल्यावर फोडणीला शेंगदाण्याचे, तिळाचे किंवा खोबरेल तेल वापरावे. सगळा भार खोबरेलावर टाकू नये. त्यातील बहुतांश स्निग्धांश संपृक्त असतो, म्हणजे लोण्याच्या बाबतीत असलेली चिंता येथेही तशीच राहते. बदलापूर्वी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्तातील स्निग्धांशाची म्हणजे लिपिड तपासणी करून एलडीएल या अपायकारक कोलेस्टेरॉलचा आकडा पाहावा आणि तो चढला असल्यास खोबरेल कमी करून शेंगदाणा व तिळाचे तेल वाढवावे.

शेंगदाण्यांबाबत एक इशारा. ते समोर बशीत असले, की हात थांबत नाही आणि शंभर ग्रॅमला साडेपाचशेहून अधिक उष्मांक होतात. तीस ग्रॅम मोजून घ्यावेत आणि डबा परत फडताळात ठेवावा. वजन कमी करणे हा उद्देश असेल, तर दुधातून जेवढा स्निग्धांश जात होता तेवढा काटेकोर भरून काढण्याची मुळीच गरज नाही. भूक भागते तेवढा पुरे, उरलेला शरीर स्वतःच्या साठ्यातून काढते.

पाचवी पायरी : प्रथिने

हा या बदलातला सर्वांत कठीण भाग. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वजन उतरत असताना स्नायू टिकावेत म्हणून ती एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत न्यावीत, असे बहुतेक आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला साठ ते पंच्याहत्तर ग्रॅम. डाळी आणि उसळी कीटोत बसत नाहीत. तूरडाळ शिजवण्यापूर्वी शंभर ग्रॅम घेतली, तर पन्नास ग्रॅमच्या आसपास कर्बोदके होतात. म्हणून पनीर गेल्यावर शाकाहारी माणसाच्या ताटात मोठाच खड्डा पडतो.

मांसाहारी घरात हा प्रश्न जवळजवळ नाहीच. शंभर ग्रॅम बांगड्यात किंवा कोंबडीत वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि कर्बोदके नसतात. मासे तळताना लावायचा रवा आणि तांदळाचे पीठ वगळावे आणि तिखट-मीठ-हळद-आगळ लावून तव्यावर थेट परतावे. तंदुरी प्रकार घरी करताना दह्याऐवजी लिंबू, आले-लसूण आणि थोडे तेल वापरले, तरी मांस तितकेच मऊ होते.

अंडी चालत असतील, तर शाकाहाराकडे झुकलेल्या माणसालाही मार्ग आहे. एक नमुना हिशेब पाहू. तीन अंड्यांतून अठरा ग्रॅम, दोनशे ग्रॅम टोफूतून (सोयाच्या पनीरातून) सुमारे पंचवीस, तीस ग्रॅम कोरड्या सोयावड्यांतून पंधरा आणि तीस ग्रॅम शेंगदाण्यांतून आठ, अशी एकूण सहासष्ट ग्रॅम प्रथिने झाली. निव्वळ कर्बोदके साधारण चौदा ग्रॅम लागली. वीस ग्रॅमच्या मर्यादेत भाजीला मग सहाच ग्रॅम उरतात, म्हणून अशा व्यक्तीने मर्यादा तीस-पस्तीस ग्रॅमवर नेणे अधिक शहाणपणाचे ठरते. कडक वीस ग्रॅमच्या हट्टापायी भाज्या कापणे हा उलटा व्यवहार आहे.

टोफू प्रथम खाणाऱ्यांना तो बेचव वाटतो, कारण तो पनीरसारखा शेवटी रश्श्यात सोडला जातो. त्याला आधी पंचात गुंडाळून वर वजन ठेवून अर्धा तास पाणी काढावे, मग तुकड्यांना हळद, तिखट, गोडा मसाला आणि तेल चोळून लोखंडी तव्यावर कडा लाल होईपर्यंत परतावे. टोफूची भुर्जी तर याहून सोपी आहे. कांदा थोडाच घालावा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर सढळ घालावी, आणि चिमूटभर काळे मीठ टाकल्यास अंड्याच्या भुर्जीसारखा वास येतो. सोयावड्या मात्र मीठ घातलेल्या पाण्यात उकळून, गार पाण्यात दोनदा पिळून घेतल्याशिवाय वापरू नयेत, नाहीतर त्यांचा उग्र वास जात नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती सोयाच्या पदार्थांबरोबर घेऊ नये.

अंडी नाहीत, सोया नाही आणि दूधही नाही, अशा स्थितीत कीटो आहार चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ शेंगदाणे आणि बदामांवर साठ ग्रॅम प्रथिने गाठायला गेले, तर उष्मांक हाताबाहेर जातात. अशा व्यक्तीने कर्बोदके शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवून मूग, मसूर आणि मटकी यांना ताटात परत आणावे. तो कीटो नसेल, पण निभणारा आहार असेल.

सहावी पायरी : कॅल्शियम आणि बी-१२

प्रौढांसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांसाठी ती १२०० मिलिग्रॅमपर्यंत जाते. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि पनीरमध्ये त्याच्या काही पट. हे सगळे गेल्यावर ते कोठून भरायचे? नाचणीचे नाव आपल्या तोंडी लगेच येते. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे हे खरेच, परंतु शंभर ग्रॅमला पासष्ट ग्रॅमहून अधिक कर्बोदकेही आहेत, तेव्हा कीटोत तिचा उपयोग नाही.

पहिला आधार कॅल्शियम घालून विरजलेल्या टोफूचा. वेष्टनावर घटकांत कॅल्शियम सल्फेट लिहिलेले असेल, तर त्यात कॅल्शियम चांगले असते. मॅग्नेशियम क्लोराइडने बनवलेल्या टोफूत ते बरेच कमी असते. दुसरा आधार काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या लहान माशांचा. मांदेली कुरकुरीत तळून काट्यांसह खावी, आणि सुकट किंवा जवळ्याची चटणी आठवड्यातून दोन-तीनदा करावी. सुक्या मासळीत मीठ पुष्कळ असते, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी ती धुऊन आणि बेताने वापरावी. तिसरा आधार शेवग्याचा पाला आणि मेथी या भाज्यांचा. शेवग्याच्या पाल्याची भाजी शहरांत कमी दिसते, पण बाजारात सांगून ठेवल्यास मिळते. पालक आणि अळूतले कॅल्शियम ऑक्झलेटमुळे शरीराला फारसे लागत नाही, त्यामुळे ते हिशेबात धरू नये. सालासकट तिळात कॅल्शियमचा आकडा मोठा दिसतो, मात्र त्यातलाही काही भागच अंगी लागतो.

एवढे करूनही शाकाहारी व्यक्तीचे रोजचे हजार मिलिग्रॅम क्वचितच भरतात. उरलेली तूट गोळीने भरावी लागली, तर एका वेळी पाचशे मिलिग्रॅमहून जास्त घेऊ नये, कारण त्यापुढे शोषण घटते. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी, लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवावी. ड जीवनसत्त्व कमी असेल तर हे सगळे कॅल्शियम नीट शोषलेच जात नाही, म्हणून त्याची तपासणी सोबतच करून घ्यावी.

बी-१२ ची बाब अधिक गंभीर आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने केलेल्या दीर्घकालीन अभ्यासातून पुणे परिसरातील लोकांत बी-१२ ची कमतरता किती व्यापक आहे हे पुढे आले. अंडी-मांस न खाणाऱ्यांना हे जीवनसत्त्व अन्नातून मिळते ते जवळजवळ फक्त दूधदुभत्यातून. म्हणजे ज्यांच्याकडे ते आधीच कमी आहे, तेच लोक त्याचा शेवटचा स्रोत बंद करत असतात. हातापायांना मुंग्या येणे, विसराळूपणा आणि थकवा ही लक्षणे उशिरा दिसतात, तोवर मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते. शाकाहारी व्यक्तीने दूध सोडण्याआधी बी-१२ ची रक्तचाचणी करावी आणि पूरक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिल्या दिवसापासूनच सुरू करावी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हे दुप्पट लागू आहे, कारण त्या गोळीनेही बी-१२ घटते.

जाता जाता मिठाबद्दल. दूध हा आयोडिनचाही एक स्रोत आहे आणि कीटो करणारे बरेच जण सैंधव वापरू लागतात, ज्यात सहसा आयोडिन घातलेले नसते. रोजच्या स्वयंपाकाला साधे आयोडिनयुक्त मीठच ठेवावे.

सातवी पायरी : ताक, दही आणि दाट रस्सा

ताकाची जागा सोलकढी घेते, आणि उन्हाळ्यात तर ती सरस ठरते. आठ-दहा आमसुले अर्धी वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजत घालावीत. मध्यम नारळाचा चव वाटीभर कोमट पाणी घालून वाटावा आणि फडक्यातून घट्ट पिळावा. हे पहिले दूध दाट असते, ते चहा-कॉफी आणि रश्श्यासाठी वेगळे काढावे. उरलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून काढलेले दुसरे, पातळ दूध सोलकढीला योग्य. त्यात आमसुलाचे पाणी, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि कोथिंबीर घालावी. साखर अजिबात नको आणि उकळायचेही नाही. कीटोत शरीरातून मीठ आणि पाणी जास्त जाते आणि ताक बंद झाल्यावर ती भरपाई खुंटते, ती या वाटीभर सोलकढीने होते. शहाळे मात्र त्याचा पर्याय नव्हे, कारण एका शहाळ्यात आठ-दहा ग्रॅम साखर सहज असते.

कोशिंबिरीत दह्याऐवजी शेंगदाण्याचे कूट, लिंबू आणि वरून हिंग-जिऱ्याची फोडणी घालावी. काकडीची खमंग काकडी मुळातच तशी असते, फक्त साखर वगळायची. दाट रश्श्यासाठी भाजलेले सुके खोबरे आणि तीळ वाटून लावावेत. मालवणी किंवा कोल्हापुरी वाटणात मलईची उणीव जाणवतच नाही, कारण ती तिथे कधी नव्हतीच. मखनी आणि शाही प्रकारांच्या मागे लागू नये. तशा चवीची नक्कल करण्यात वेळ आणि नारळ दोन्ही वाया जातात.

आठवी पायरी : वेष्टन आणि हॉटेल

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, दूधविरहित नव्हे. दूध, लोणी, व्हे हे सगळे हिरव्या ठिपक्यातच येते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार वेष्टनावर अ‍ॅलर्जीकारक घटकांत दुधाचा उल्लेख करावा लागतो, तो घटकांच्या यादीजवळ असतो आणि तोच आधी वाचावा. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसीन, सोडियम केसिनेट ही सगळी दुधाचीच रूपे आहेत. तयार नारळाच्या दुधाच्या पावडरीत हे सोडियम केसिनेट आणि माल्टोडेक्स्ट्रिन पुष्कळदा सापडते, म्हणजे दूधही आणि कर्बोदकेही. अ‍ॅनालॉग पनीर, म्हणजे पनीरसारखे बनवलेले नकली पनीर, स्वस्त असते, पण त्यातही वनस्पती तेलाबरोबर दुधाचे घटक असतात. दूधविरहित म्हणून विकले जाणारे व्हेगन चीज बहुधा खोबरेल आणि स्टार्च यांचे असते. त्यात प्रथिने नसतात आणि कर्बोदके असतात, तेव्हा ते चीजच्या जागी धरू नये. परदेशातल्या मराठी घरांना दुकानात हे प्रकार अधिक दिसतात, म्हणून त्यांनी विशेष सावध राहावे. बदामाच्या पेयात बदाम फारच थोडे असतात आणि प्रथिने नावापुरती. साखर न घातलेले आणि कॅल्शियम मिसळलेले घ्यावे आणि तळाशी बसलेले कॅल्शियम वर येण्यासाठी हलवून ओतावे.

हॉटेलात लोणी, साय, काजू आणि दही न सांगता पडतात. तव्यावरचे मासे, सुके मटण, सुके चिकन, उकडलेली अंडी आणि साधी काकडी-कांद्याची बशी ही मागणी सुरक्षित. तंदुरी पदार्थ दह्यात मुरवलेले असतात, हे लक्षात ठेवावे.

नववी पायरी : चार आठवडे आणि त्यानंतर

कारण शोधण्यासाठी दूध सोडले असेल, तर ते हळूहळू न सोडता एका दिवशी पूर्ण सोडावे आणि चार आठवडे तसेच राहावे. पोट, त्वचा, झोप, वजन आणि कमरेचा घेर यांची आठवड्यातून एकदा, त्याच दिवशी आणि त्याच वेळी नोंद करावी. अधूनमधून थोडे दूध चालवले, तर महिनाअखेरीस काहीच निष्कर्ष निघत नाही. पहिल्या आठवड्यात वजन किलोभर उतरले, तर हुरळून जाऊ नये. त्यात पाण्याचा भाग मोठा असतो.

चार आठवड्यांनी फरक पडला नसेल, तर दूधदुभते निर्दोष समजून, मापात का होईना, परत आणावे. विनाकारण सोडून ठेवण्यात नुकसानच आहे. फरक पडला असेल आणि त्रास लॅक्टोजचा वाटत असेल, तर एक-एक पदार्थ परत घेऊन पाहावा. आधी तूप, मग लोणी, मग मुरवलेले कठीण चीज, नंतर चक्का आणि पनीर, शेवटी साधे दही. दोन पदार्थांच्या मध्ये तीन दिवसांचे अंतर ठेवावे आणि त्या दिवसांत दुसरे काही नवे खाऊ नये. ज्या पदार्थाला त्रास परतला, तेथे थांबून एक पायरी मागे यावे. गोड्या दुधाची चाचणी घेण्याची कीटोत गरजच नसते, कारण ते कर्बोदकांमुळे तसेही बाहेरच राहणार असते. अ‍ॅलर्जीची शंका असल्यास यातले काहीही घरी करून पाहू नये, ती चाचणी रुग्णालयातच व्हावी.

दूध कायमचे सोडायचे ठरले, तर तीन महिन्यांनी बी-१२, ड जीवनसत्त्व, लिपिड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या कराव्यात आणि नंतर वर्षातून एकदा त्या पुन्हा कराव्यात. रक्तातील कॅल्शियमचा आकडा नेहमीसारखा आला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण तो टिकवण्यासाठी शरीर हाडांतून कॅल्शियम काढत राहते. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांनी हाडांच्या घनतेची तपासणी कधी करावी, हे आपल्या डॉक्टरांना त्याच भेटीत विचारून घ्यावे.